निळ्या डब्यातली तिजोरी

मी एक जुनी तिजोरी आहे, मित्रांनो. तिजोरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लोखंडी कपाट उभं राहिलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी अंगठ्याएवढी आहे. काळी, दोन बटणांची, नखाएवढ्या पडद्याची आणि एका बाजूला ओरखडा पडलेली. लेबनॉनमधल्या सैदा शहरात, इन्साफबाईंच्या पार्लरमध्ये, केसांच्या पिनांच्या डब्यात माझा मुक्काम असतो. गुपितं राखायला जन्मलेल्या वस्तूला बायकांच्या पार्लरहून वाईट जागा या जगात सापडायची नाही. पण माझं ऐकतं कोण?

माझा जन्म फार शिस्तीत झाला. धूळ नाही, आवाज नाही, पांढरे हातमोजे घातलेली माणसं. त्यांनी माझ्या पोटात एक चिमुकली चिप बसवली आणि मला नाना प्रकारे छळून पाहिलं. तापवलं, गोठवलं, खोटे पिन-क्रमांक दाबून दाबून जीव नकोसा केला. मी तोंडातून अक्षर काढलं नाही, तेव्हा कुठे मला खोक्यात बसायची परवानगी मिळाली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. माणसांची मला तेव्हा काहीच माहिती नव्हती, हे त्याचं कारण.

लोक समजतात, माझ्या पोटात पैसा असतो. तसं नाही. क्रिप्टो नावाचा पैसा जगभरच्या संगणकांवर नोंदलेला असतो, माझ्याकडे असते फक्त त्याची किल्ली. मी हरवले, फुटले, तरी पहिल्या दिवशी लिहून घेतलेले चोवीस साधे शब्द दुसऱ्या एखाद्या तिजोरीला सांगितले की तीच किल्ली पुन्हा तयार होते. म्हणून त्या शब्दांचा कागद जिवापाड जपायचा असतो.

आणि माझ्यात एक चोरकप्पा असतो. त्या चोवीस शब्दांच्या जोडीला मालकाने आपल्या मनातला आणखी एक शब्द घातला, की निराळाच कप्पा उघडतो. गंमत अशी, की प्रत्येक शब्दाला एकेक कप्पा आहे. तुम्ही 'भेंडी' असं लिहिलंत तरी एक कप्पा उघडेल, फक्त तो रिकामा असेल. 'शब्द चुकला' असं मी कधीच म्हणत नाही. त्यामुळे कोणता कप्पा खरा आणि खऱ्याखेरीज आणखी एखादा आहे की नाही, हे परक्याला कळायला मार्गच नाही. तो शब्द मी तुम्हालाही सांगू शकत नाही, कारण संगणकाची वायर काढली की मीच तो विसरते.

इन्साफबाईंकडे मला त्यांचा धाकटा भाऊ मुहन्नद याने दुबईहून आणलं. बँकांनी लोकांच्या ठेवी अडकवून ठेवल्या होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. वर्षानुवर्षं बायकांचे केस कापून, रंगवून, सरळ करून इन्साफबाईंनी जे साठवलं होतं, ते बँकेत होतं, पण त्यांना मिळत नव्हतं. दारावर पत्रे ठोकलेल्या बँकेपुढे उभं राहून त्यांनी एकदा पायातली चप्पलही भिरकावली होती. तेव्हापासून भाऊ जे पाठवी आणि पार्लरमधून जे उरे, ते क्रिप्टो करून माझ्या भरवशावर ठेवायचं ठरलं.

मुहन्नदने स्वयंपाकघरात बसून त्यांना सगळं शिकवलं. "ताई, कागद एकीकडे ठेव. ही तिजोरी दुसरीकडे ठेव. पिन कुठेही लिहू नकोस. आणि चोरकप्प्याचा शब्द फक्त डोक्यात. कळलं?"

"कळलं रे बाबा! मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मुहन्नद विमानात बसला असेल-नसेल, तोच बाईंनी भुवया कोरायच्या पेन्सिलीने कागदाच्या मागे पिन लिहिला, कागदाची घडी घातली, ती मला गुंडाळली आणि आम्हा दोघांना एका डब्याच्या तळाशी ठेवलं. वर पुठ्ठ्याची गोल चकती. चकतीवर पिना. कपाळ बडवून घ्यावं, तर मला कपाळ नाही.

डबा मात्र देखणा होता. निळा, कडेला सोनेरी वेलबुट्टी आणि झाकणावर संत्र्यांनी लगडलेली फांदी. सासूबाईंच्या वेळचा होता आणि आरशापुढेच असायचा. म्हणजे सगळ्या सैदा शहराने रोज पाहावा अशा जागी.

आता तुम्ही विचाराल, चोरकप्पा कोणापासून? चोरांपासून? छे! चोराचं एक वेळ बरं, तो चोरी करून निघून जातो. इन्साफबाईंना धास्ती होती ती धाकट्या दिराची, गस्सानची. गस्सान माणूस सोन्यासारखा. कोणाच्या घरी मयत झालं तर खुर्च्या उचलायला पहिला, लग्न असलं तर नाचायला पहिला. पण त्याला धंदे सुचत. जुने टायर झाले, आइस्क्रीमची गाडी झाली, मत्स्यपालन झालं. मासे मेले ते मेले, वर गल्लीभर वास. दर धंद्याच्या आधी तो थोरल्या भावाकडे यायचा, आणि सख्ख्या भावाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. इन्साफबाईंचे यजमान अदनान यांच्या तोंडात तर तीळ भिजत नसे. म्हणून बाईंनी नवऱ्यालाही फक्त उघडा कप्पाच दाखवला. त्यात थोडीशी रक्कम, आणि खरा ऐवज चोरकप्प्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मत्स्यपालनाच्या वेळी गस्सान आला तेव्हा बाईंनी मला संगणकाला जोडून त्याच्यापुढे धरलं होतं.

"बघा भाऊजी, डोळ्यांनी बघा. घ्यायचं तर घ्या."

गस्सान वाकून बघत राहिला. "एवढंच, वहिनी?"

"पडद्यावर दिसतंय ना?" बाई म्हणाल्या. शपथ त्यांनी घेतली नाही. देवाचं भय होतंच.

गस्सान हसत हसत उठला, पण जिन्यात बायकोला म्हणाला, "वहिनी आपल्याला बनवतेय." पार्लरच्या खिडकीतून ते मला स्पष्ट ऐकू आलं. मी काय करणार? माझं काम गप्प राहण्याचं.

अशी तीनेक वर्षं गेली. कधी बाई घाईत शब्द चुकवत, रिकामा कप्पा उघडे आणि त्या किंकाळी फोडत. एकदा तर केसांना रंग लावलेलं गिऱ्हाईक तसंच रस्त्यावर पळालं. "उंदीर होता गं!" असं सांगून बाईंनी वेळ मारून नेली आणि वर मलाच टेबलावर आपटलं. हा ओरखडा तेव्हाचा. चूक त्यांची, मार मला.

मग एके दिवशी पार्लरच्या जागेचे मालक हाजी मुनीब आले. त्यांचा मुलगा त्यांना कॅनडाला घेऊन चालला होता आणि जाण्याआधी त्यांना दुकान विकायचं होतं. शेजारच्या शावरमावाल्याने तयारी दाखवली होती.

"पण पहिला हक्क तुझा, बेटी," हाजी म्हणाले. "शनिवारपर्यंत थांबतो. त्यापुढे माझा मुलगा ऐकायचा नाही."

बाईंनी चारचौघींसमोर डोळ्यांना पदर लावल्यागत रुमाल लावला. "मी कुठून आणू हाजी, एवढे?" हाजी मान हलवत गेले, बायका हळहळल्या. मी डब्याच्या तळाशी पडल्या पडल्या म्हटलं, वा! पैसा पुरेसा आहे, हे बाईंना आणि मलाच ठाऊक. शुक्रवारी निवांत उघडायचं, शनिवारी दुकान आपलं. बावीस वर्षं ज्या फरशीवर उभं राहून बाईंच्या पायांच्या शिरा फुगल्या, ती फरशी त्यांची होणार होती. मला पहिल्यांदाच वाटलं, आपला जन्म सार्थकी लागला.

आणि मंगळवारी गस्सानची बायको हुयाम केस धुऊन घ्यायला आली.

रविवारी तिच्या मुलीचा, रूलाचा साखरपुडा होता. पार्लर गच्च भरलेलं. इन्साफबाईंचे दोन्ही हात एका म्हातारीच्या डोक्यावरच्या रंगात कोपरापर्यंत बरबटलेले. हुयाम आरशापुढे बसली आणि म्हणाली, "जाऊबाई, हा डबा किती सुरेख आहे हो! दर वेळी बघते मी."

आता त्यांच्याकडे एक रीत आहे. कोणी तुमच्या वस्तूचं कौतुक केलं की लगेच म्हणायचं, 'मुकद्दम', म्हणजे 'तुझीच समज'. समोरच्याने म्हणायचं, 'नको नको, तुम्हालाच शोभते.' झालं. कोणी देत नाही, कोणी घेत नाही. अंगठ्या, पडदे, मोटारगाड्या, सगळं दिवसातून दहादा असं देऊन होतं. जिभेला वळणच पडलेलं असतं, डोक्याला कळवायचीही ती तसदी घेत नाही.

"मुकद्दम," इन्साफबाई म्हणाल्या. "तुझाच समज."

डब्याच्या तळाशी मला घाम फुटायचा बाकी राहिला.

"नको हो, तुम्हालाच शोभतो."

"अगं घे की!" हेही रीतीनेच.

"बाई बाई, नको. सासूबाईंचा डबा तो." इथे संपायला हवं होतं. पण हुयाम थांबली. तिने डब्याकडे पाहिलं, झाकणावरून बोट फिरवलं. "खरं सांगू का? रूलाच्या ताटात साखरेचे बदाम कशात ठेवावेत तेच सुचत नव्हतं मला. तुम्ही एवढं मनापासून म्हणताय, तर..."

तेव्हा कुठे इन्साफबाई भानावर आल्या. "थांब, थांब! मी धुऊन देते. उद्या पाठवते."

"मी काय परकी आहे? घरी धुईन."

"त्यात पिना आहेत!"

"या घ्या पिना." हुयामने डबा टेबलावर उपडा केला. पिना पडल्या. चकती घट्ट बसलेली होती, ती मात्र पडली नाही.

सगळ्या बायका बघत होत्या. दिलेला डबा हिसकावून घ्यावा, तर घराण्याची अब्रू जाते. 'आत काहीतरी आहे' म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. आणि डोक्याला रंग लावलेली म्हातारी ओरडतेय, "अगं, टाळू भाजली माझी!" इन्साफबाई रंगाचे हात हवेत धरून नुसत्या उभ्या राहिल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती ही अशी. आणि मी, माझा कागद आणि माझा पिन, असे आम्ही सगळे हुयामच्या काखेतून थेट त्याच घरी निघालो, ज्या घरापासून मला लपवलं होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात, त्याही निदान कोणी एवढ्या आग्रहाने देत नसेल.

त्याच संध्याकाळी बाई हुयामकडे आल्या. आतून त्यांचा आवाज मी ओळखला. पण मुलाकडची माणसं बसली होती आणि हुयाम सगळ्यांना डबा दाखवत होती. "आमच्या जाऊबाईंनी दिला हो! सासूबाईंची आठवण होती, तरी दिला." बाई कॉफी पिऊन परत गेल्या. बुधवारी त्यांनी अदनानना पाठवायचा प्रयत्न केला असावा, कारण तेही आले, गप्पा मारल्या, दोन केळी खाल्ली आणि विषयच न काढता गेले. दिलेली वस्तू परत मागणारा त्या घराण्यात अजून जन्मायचा होता.

गुरुवारी दुपारी हुयाम डब्याला आतून झिरमिळ्यांचा कागद लावायला बसली आणि चकती निघाली.

"अहो! इकडे या. लवकर या!"

गस्सान आला. मला त्याने लगेच ओळखलं. हुयामचे डोळे लकाकले. "बघितलंत? मी म्हणत नव्हते, त्यांच्याकडे घबाड आहे म्हणून? आणि तुम्हाला माशांच्या वेळी काय दाखवलं? भोपळा!"

"ठेव ते. दुसऱ्याची वस्तू आहे."

"बघायला काय जातंय? पिनसुद्धा लिहिलाय मागे."

माणसाची जात! त्याने 'ठेव' म्हणत म्हणत रूलाचा संगणक उघडला. पिन बरोबर, मी उघडले. उघडावंच लागतं. पडद्यावर तीच लहानशी रक्कम आली, जी त्याने तीन वर्षांपूर्वी पाहिली होती. जवळपास तेवढीच.

हुयामने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"यात चोरकप्पा असतो म्हणे," हुयाम म्हणाली. "रूलाचा मोबाइलवाला मित्र सांगत होता. काहीतरी शब्द घालायचा."

गस्सानने अदनानचं नाव घातलं. कप्पा उघडला, रिकामा. मुहन्नदचं घातलं. रिकामा. शेवटी आपल्या मेलेल्या आईचं नाव घातलं, तोही उघडला, तोही रिकामा. मी अगदी ठणठणीत, प्रामाणिक रिकामे कप्पे दाखवत होते, मित्रांनो. माझ्या धंद्यातला तो सर्वोच्च क्षण होता. जन्मभर ज्यासाठी तयार केलं गेलं, ते मी केलं होतं.

आणि गस्सान रडायला लागला.

"खरं बोलत होती गं ती," तो म्हणाला. "मी जिन्यात काय म्हणालो होतो आठवतंय? बनवतेय म्हणालो. आणि ही बाई एवढ्यावर दिवस काढतेय. वर दुकान चाललंय हातचं. आणि मी, मी उद्या तिच्याकडे साखरपुड्यासाठी पैसे मागायला जाणार होतो, हुयाम!"

हुयामच्या हातात पिळाच्या सोन्याच्या दोन बांगड्या होत्या. होत्या तशा सात, त्यांतल्या पाच गस्सानच्या धंद्यांनी खाल्ल्या. तिने साबण लावून एक बांगडी ओढून काढली.

"आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत जात नाही," ती म्हणाली. "आणि तोंड बंद ठेवा. तिच्या पोटातलं आपल्याला कळलं असं तिला कळलं, तर ती मरेल लाजेने."

वैताग कसा असतो, ते मला त्या क्षणी कळलं. मला ओरडून सांगायचं होतं, अरे ठोंब्यांनो, थांबा! आहे तिच्याकडे! पण माझं काम गप्प राहण्याचं.

शुक्रवारी सकाळी गस्सान डबा घेऊन पार्लरमध्ये आला. खाली चकतीखाली मी आणि कागद, जसेच्या तसे. वर सनियूरा नावाची सैद्याची खुसखुशीत बिस्किटं, आणि बिस्किटांत रुमालात बांधलेली बांगडी. इन्साफबाईंनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"वहिनी, हुयामला बदामांसाठी मोठं भांडं मिळालं," गस्सान फरशीकडे बघत म्हणाला. "आत थोडं... ते दुकानासाठी. पुरणार नाही, पण हाजींना निदान बयाणा द्या. आणि माझं काही चुकलं असेल तर माफ करा."

तो गेला. बाईंनी आधी चकती उचलून मला चाचपलं, मग रुमाल सोडला. बांगडी ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्या केस धुवायच्या खुर्चीत बसल्या, दार लावून घेतलं आणि मला संगणकाला जोडलं. घाईत पहिला शब्द चुकला. मी रिकामा कप्पा दाखवला. दुसऱ्यांदा बरोबर घातला. सगळं होतं. दुकानापुरतं होतं आणि वरती थोडं उरतही होतं.

मला वाटलं, आता हसेल. ती हमसून हमसून रडली. "लाज वाटते मला," ती त्या बांगडीला म्हणाली. खरं तर तिने कोणाचं काही घेतलं नव्हतं. आपल्या कष्टाचा पैसा आपण झाकून ठेवणं हा काही गुन्हा नाही, मी त्यासाठीच तर बनले आहे. पण त्या बांगडीपुढे माझ्या हुशारीचं मलाही काही वाटेना.

शनिवारी क्रिप्टोचे डॉलर झाले, डॉलर हाजींच्या हाती पडले आणि दुकान इन्साफबाईंचं झालं. उरलेल्यातून त्या सोनाराकडे गेल्या.

रविवारी साखरपुड्याला त्यांनी मला पर्समध्ये घातलं होतं. डब्यावरचा विश्वास उडाला होता, तात्पुरता. ढोल वाजत होता, गस्सान घामाघूम होऊन नाचत होता. "दुकान झालं, भाऊजी!" बाईंनी ओरडून सांगितलं, तर त्याने 'कसं' म्हणून विचारलंच नाही. त्यांना हाताला धरून रिंगणात ओढलं आणि आणखी जोरात नाचला.

मग भेटी द्यायची वेळ आली. इन्साफबाईंनी रूलाच्या मनगटात एक पिळाची बांगडी घातली आणि तिच्या शेजारी तिची जोड, अगदी नवी. बायकांनी आनंदाने किलकाऱ्या केल्या. हुयामची किलकारी मध्येच थांबली. आपली बांगडी तिने अंधारातही ओळखली असती. तिने नव्या बांगडीकडे पाहिलं, जाऊबाईंकडे पाहिलं आणि त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"म्हणजे आणखी एक कप्पा होता तर."

"होता," इन्साफबाई म्हणाल्या. मान वर होत नव्हती. "हुयाम, मी तुला सांगणार होते. तो शब्द..."

हुयामने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नका! हात जोडते. मला कळलं की ह्यांना कळेल, आणि ह्यांना कळलं की पुन्हा मासे पाळायला निघतील."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या की रडल्या, ते पर्समधून नीट कळलं नाही.

आता मी म्हातारी झाले आहे, मित्रांनो. माझ्याहून चपळ तिजोऱ्या निघाल्या आहेत. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. कागद एकीकडे ठेवा, मला दुसरीकडे ठेवा आणि पिन कृपा करून कुठेही लिहू नका. मी फक्त गप्प राहू शकते. कोणापुढे गप्प राहायचं आणि कोणापुढे नाही, हे मला ठरवता येत नाही. ते तुम्हालाच ठरवायला हवं, आणि ते वेळेवर ठरवा, कोणाच्या हातातली बांगडी उतरायच्या आत.

इन्साफबाईंना मी हे सांगू शकले असते तर! आठवडाभर त्यांनी मला पर्समध्ये ठेवलं, कागद उशीच्या अभ्र्यात. मग शोधाशोध नको म्हणून दोघांना पुन्हा निळ्या डब्यात घातलं. पिन बदलला आणि नवा पिन, भुवयांच्या पेन्सिलीने, कागदाच्या मागे लिहिला.

परवाचीच गोष्ट. पार्लर भरलेलं, बाईंचे हात रंगात. खुर्चीतलं नवं गिऱ्हाईक म्हणालं, "अय्या, किती गोड डबा!"

इन्साफबाईंनी तोंड उघडलं. मी ऐकलं, 'मुकद्दम'मधला पहिला 'मु' बाहेरसुद्धा पडला. तोच कोपऱ्यातल्या यंत्राखाली केस वाळवत बसलेली हुयाम डोक्याच्या रोलरांसकट ताडकन उठली.

"खबरदार हात लावशील तर! तो डबा माझा आहे, मला दिलाय त्यांनी. इथे ठेवलाय फक्त."